चार काटे

संसाराला रथाची उपमा ज्याने पहिल्यांदा दिली, तो गृहस्थ एकत्र कुटुंबात राहिलेला नसावा. नवरा-बायको ही संसाररथाची दोन चाके, हे वाक्य मंगल कार्यालयापासून सत्कारसमारंभापर्यंत आपण इतक्यांदा ऐकलेले असते की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पण चाके बिचारी करतात काय? ती फिरतात, ओढत नाहीत. ओढणारा निराळाच असतो, आणि त्याचा उल्लेख उपमेत कुठेच नाही! शिवाय दोन चाकांचा हा हिशेब दोघांच्या बिऱ्हाडाला पुरेल. आमच्या घरात चार भाऊ, चार जावा, सात मुले आणि सासूबाई. एवढ्या मंडळींना दोन चाकांवर बसवायचे म्हणजे रथ जागच्या जागी मोडायचा.

मी शाळेत मराठी शिकवते आणि सुटीच्या दिवसांत कादंबऱ्या लिहिते, तेव्हा उपमा शोधणे हा माझा धंदाच आहे. आमच्या घराला शोभेलशी उपमा मात्र मला ना कोणत्या काव्यात मिळाली, ना पुराणात. ती मिळाली एका जुन्या मोटारसायकलच्या पोटात.

हे मोटारसायकलचे प्रकरण घरात आले ते माझ्या दिरांमुळे. चार भावांत आमचे हे दुसरे आणि भाऊजी तिसरे. उद्यमनगरात त्यांचे लहानसे गॅरेज आहे. कोल्हापूरचे उद्यमनगर ज्यांनी पाहिले असेल त्यांना अधिक सांगायला नको. तिथे लेथच्या घरघरीवर आवाज चढवूनच माणसे बोलतात, आणि एखादा भाग बाजारात मिळत नसला तर 'मिळत नाही' असे कोणी म्हणत नाही, 'करून घेऊ' म्हणतात. भाऊजी त्याच मातीतले. जुन्या गाड्यांचा नाद असलेली माणसे त्यांना बरोबर हुडकत येतात. यंदाच्या भाद्रपदात असेच एक गृहस्थ होंडाची चार सिलिंडरांची गाडी टेंपोत घालून घेऊन आले. गॅरेजात जागा नव्हती, म्हणून ती आमच्या परड्यात आली आणि पंधरा दिवस पेरूच्या झाडाखाली मुक्काम ठोकून राहिली.

होंडा कंपनीने १९६९ साली सीबी-७५० नावाची मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा दुचाकीच्या जगात मोठी खळबळ उडाली होती. आपल्याकडच्या बुलेटला एक सिलिंडर आणि एक कार्ब्युरेटर. हिला एका ओळीत चार सिलिंडर, आणि प्रत्येकाला आपापला स्वतंत्र कार्ब्युरेटर. आमच्या परड्यात उतरली होती ती तिची १९८०च्या सुमाराची धाकटी बहीण. इंजिन एकूण पाऊण लिटरचे, म्हणजे चौघांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला १८७ घनसेंटीमीटरच्या आसपास येतात. चार भावांच्या घरात असा चोख वाटा पाहिला की जरा हेवाच वाटतो.

कार्ब्युरेटर म्हणजे काय, हे मला भाऊजींनी समजावून सांगितले. माझे शास्त्र दहावीच्या पुस्तकापाशी थांबलेले, त्यामुळे त्यांनी ते पंक्तीच्या भाषेत सांगितले. कार्ब्युरेटर हा वाढपी. हवा आणि पेट्रोल ठरलेल्या प्रमाणात कालवून सिलिंडरला वाढायचे, एवढेच त्याचे काम. हे प्रमाण वजनाने साधारणपणे एका ग्रॅम पेट्रोलला १५ ग्रॅम हवा असे असते. पिस्टन खाली गेला की सिलिंडर हवा आत ओढतो. ती हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि दाब उतरला की खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक नळीतून आपोआप वर येऊन हवेत मिसळते. अरुंद वाटेने वाहणाऱ्या प्रवाहाचा हा गुण व्हेंचुरी नावाच्या इटालियन पंडिताने दोनशे वर्षांपूर्वी अभ्यासला होता, म्हणून त्या गळ्याला त्याचेच नाव मिळाले.

किती वाढायचे हे ठरवते ती एक गोल पाकळी. आपण मूठ पिळतो तेव्हा ही पाकळी फिरते आणि हवेची वाट मोकळी होते. चार कार्ब्युरेटरांच्या चार पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. मूठ एक, तार एक, पण पाकळ्या चार. आणि सगळी मेख इथेच आहे. चारही पाकळ्या एकाच वेळी, अगदी तेवढ्याच उघडल्या पाहिजेत. एखादी केसभर जास्त उघडी राहिली तर तो सिलिंडर जोरात जातो, दुसरा मागे रेंगाळतो, आणि पुढचा मागच्याला फरफटत नेतो. इंजिन चालते, गाडीही पळते. पण आत सतत एक धुसफूस चालू असते. आरसे थरथरतात, हाताला मुंग्या येतात, पेट्रोल जास्त जाते, आणि गाडी उभी असताना इंजिन असे गचके खाते की जणू कोणी आतून दार ठोठावते आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र चारही कार्ब्युरेटर सारखेच दिसतात. चौघांचे कपडे सारखे आणि चौघांचे हसणेही सारखे, जसे दिवाळीच्या घरगुती फोटोत असते.

मग कोण किती उघडा आहे हे ओळखायचे कसे? भाऊजी ज्यांच्या हाताखाली शिकले ते मेस्त्री रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून आतला फुत्कार ऐकत, आणि एकेक आवाज दुसऱ्याशी ताडून पाहत. त्या कानांबद्दल भाऊजींना आजही आदर आहे. पण ते म्हणतात, "कानाला सवय लागते, वहिनी. रोज बिघडलेला आवाज ऐकला की तोच बरोबर वाटायला लागतो." म्हणून ते व्हॅक्यूम गेज लावतात.

व्हॅक्यूम गेज हे पोकळी मोजण्याचे यंत्र आहे. पाकळी आणि सिलिंडर यांच्या मधल्या जागेत, पिस्टन हवा ओढत असताना, बाहेरच्यापेक्षा दाब कमी होतो. तो किती कमी झाला हे हा काटा दाखवतो, आणि मोजतो पाऱ्याच्या सेंटीमीटरांत. टॉरिचेलीने १६४३ साली काचेच्या नळीत पारा भरून दाखवून दिले की हवेलाही वजन आहे. समुद्रकाठी ते वजन ७६ सेंटीमीटर पारा तोलून धरते. त्याचेच हे पणतवंड. आपले कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे इथे पारा जवळजवळ पाच सेंटीमीटर खालीच राहतो. भाऊजींच्या पुस्तकात काट्याचे जे आकडे दिले आहेत, त्यांच्यापेक्षा आमच्या परड्यातले आकडे थोडे कमी भरतात ते याच कारणाने. पण भाऊजी आकड्याकडे फारसे पाहत नाहीत. "आकडा गावागावाचा वेगळा. आपण फरक बघायचा," हे त्यांचे सूत्र.

एका रविवारी त्यांचा हाताखालचा पोऱ्या आला नाही. मी सोप्यात सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. परड्यातून हाक आली, "वहिनी, पेपर झाले असतील तर जरा काटे वाचायला या." पेपर झाले नव्हते, पण पेपर सोडून उठायला मिळाले तर कोणता शिक्षक नको म्हणेल?

परड्यात आमच्या घराचे अर्धे सामान जमले होते. पेट्रोलची टाकी काढून ठेवल्याशिवाय कार्ब्युरेटरपर्यंत हात जात नाही, म्हणून पेरूच्या फांदीला सलाइनची धुतलेली बाटली टांगून तिच्या नळीतून इंजिनाला पेट्रोल दिले होते. ती बाटली सासूबाईंच्या आजारातली. आम्ही सगळ्या त्यांना आत्याबाई म्हणतो. उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि इंजिन तापते, म्हणून समोर उंच पंखा लावला होता. तो थोरल्या जाऊबाईंच्या खोलीतला, आणि अर्थातच न विचारता आणलेला. इंजिनाचा धूर विषारी, म्हणून हे काम नेहमी उघड्यावर करायचे. चार सिलिंडरांना चार नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला चार घड्याळांसारखी गेजे अशी सगळी मांडणी होती.

मला वाटले, आता इंजिन सुरू करायचे आणि काटे वाचायचे. पण भाऊजींनी आधी एक निराळाच उद्योग केला. चारही गेजे त्यांनी एकापाठोपाठ एक त्याच एका सिलिंडरला लावली. तीन गेजे एकच आकडा सांगत होती, चौथे दीड सेंटीमीटर जास्त सांगत होते. त्यांनी खडूने त्याच्या काचेवर खूण केली. "मापातच खोट असली तर मोजून काय उपयोग?" ते म्हणाले.

मग नळ्या जिथल्या तिथे लागल्या. इंजिन चांगले तापू दिले आणि मिनिटाला हजार फेऱ्यांच्या मंद चालीवर आणून ठेवले. काटे नुसते नाचत होते. नळीतला बारीक चिमटा आवळल्यावर ते जरा शहाण्यासारखे वागू लागले. मी ओळीने वाचले: २१, २०, १७, २४.

वाचकांना वाटेल की २४ वाला सर्वांत जोरात काम करतो आहे. तसे नसते. ज्याची पाकळी कमी उघडी, त्याला हवा कमी मिळते, आणि तो ओढत राहतो. म्हणून त्याच्याकडची पोकळी मोठी. काटा उंच चढतो तो ज्याच्या पानात कमी पडते त्याचा! हे ऐकले आणि मी थोडा वेळ त्या चौथ्या काट्याकडेच पाहत राहिले. आजवर मी कितीतरी पात्रांची दुःखे कागदावर मांडली; पण एखाद्याची उपासमार अशी आकड्यात, थरथरत्या काट्याने सांगितलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

आणि तो तिसरा, १७ वाला? त्याची पाकळी जास्त उघडी आहे असे समजून स्क्रू फिरवला असता तर काटा झटकन वीसावर आला असता. भाऊजींनी स्क्रूला हात लावला नाही. त्यांनी कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांना जोडणारा रबरी गळा बोटाने चाचपला. चाळीस वर्षांत रबर लाकडासारखे झाले होते आणि त्याला खालच्या बाजूने केसासारखी चीर गेली होती. तिथून चोरहवा आत शिरत होती. ते म्हणाले, "स्क्रू फिरवून काटे जुळवता येतात, वहिनी. पण मग आजार तसाच राहतो आणि काटा खोटं बोलायला शिकतो." म्हणून हे काम सर्वांत शेवटी करायचे असते. आधी प्रत्येक सिलिंडरचे टॅपेट, ठिणगी, प्लग पाहायचे. कुठे गळती आहे का ते शोधायचे. ज्याचे त्याचे दुखणे बरे करायचे. आणि मगच चौघांना एका चालीत बसवायचे. परीक्षेत कृपागुण देऊन वर्गाचा निकाल सरळ रेषेत आणणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्या रेषेखाली किती चिरा झाकल्या जातात, हे शिक्षकांना ठाऊक असते.

नवा गळा बसला आणि तिसरा काटा स्क्रूविना वीसावर आला. चौथ्याचा स्क्रू भाऊजींनी फिरवला तो अष्टमांश फेरादेखील नसेल. २४ चे २१ झाले. आणि एकाएकी परड्यातला आवाज बदलला. तोवर इंजिन चार तोंडांनी बोलत होते. आता ते एका तोंडाने बोलू लागले. पंखा देऊन वर वाट पाहणाऱ्या थोरल्या जाऊबाई खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "बंद पडली का हो गाडी?"

इथवर मोटारसायकल झाली. पण त्या दिवसांत आमच्या घराचे इंजिनही गचके खात होते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

माघात आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणेही गेले. पहिले तीन आठवडे दवाखान्यातले. त्या दिवसांत आमचे घर कसे चालले हे सांगितले तर पाहुण्यांना खोटे वाटेल. कोण डबा नेतो, कोण रात्री थांबतो, कोण पैसे भरतो, कोणी कोणाला विचारले नाही. ज्याच्या हाताशी जे आले ते त्याने केले. भाऊजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. पूर्ण रेस दिली की चारी पाकळ्या सताड उघड्या. मग केसभर फरकाला कोण विचारतो? फरक कळतो तो स्लो चालीत."

तसेच झाले. आत्याबाई घरी आल्या, धोका टळला, आणि घर मंद चालीत आले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर पाठीला जखमा होतात. औषधे सहाला, दोनला, दहाला. याला ना सुटी, ना कोणाची शाबासकी. चैत्र गेला, वैशाख गेला, आणि आषाढात गचके जाणवू लागले. दार जरा जोरात लागायचे, भांडे जरा जोरात आपटायचे. धाकटी जाऊ दुपारी झोपते, यावर कुजबुज सुरू झाली. थोरल्या जाऊबाई म्हणत, रात्रीचे सगळे माझ्यावर. तिसरी म्हणे, धुणे मोजा माझे. मी शाळेत जाते म्हणजे मोकळी सुटते, असाही एक सूर होता. पुरुषमंडळी पैसे देत होती आणि पैसे दिले की वाटा पुरा झाला असे मानत होती. प्रत्येकाच्या खिशात आपापले गेज होते, आणि प्रत्येकाचे गेज आपलेच काम दीड सेंटीमीटर जास्त दाखवत होते. गौरी-गणपती विसर्जित झाल्यावर एका रात्री थोरल्या भाऊजींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "दिवाळी झाली की चुली वेगळ्या करू. भांडणापेक्षा ते बरं." आवाज चढला नव्हता, त्यामुळेच ते सगळ्यांना खरे वाटले. आतल्या खोलीत आत्याबाई जाग्या होत्या. त्यांना बोलता येत नाही. ऐकू मात्र सगळे येते.

परड्यातल्या त्या रविवारी रात्री जेवणे झाल्यावर गॅरेजवाल्या भाऊजींनी विषय काढला. भाषण करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. ते एवढेच म्हणाले, "वाटणी करायची तर करू. पण त्याआधी चारी गेजे एकदा एकाच सिलिंडरला लावून बघू." कोणाला काही कळले नाही, मला कळले. मी मग ते मराठीत सांगितले: चार घरांतल्या प्रत्येक जोडीने एक पुरा दिवस आणि एक पुरी रात्र आत्याबाईंजवळ एकट्याने काढायची. मदतीला कोणी यायचे नाही. आणि जोडी म्हणजे जोडी. बाईने करायचे आणि पुरुषाने पैसे द्यायचे, असे नव्हे.

चार दिवसांत जे झाले त्यातले दोनच प्रसंग सांगते. धाकटीच्या रात्री तिला आत्याबाईंना कुशीवर वळवताना घेरी आली आणि ती पलंगाचा खूर धरून खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ! स्त्रियांना ते निदान बारा असावे लागते. आषाढापासून ज्या दुपारच्या झोपेवर आम्ही कुजबुजत होतो, ती झोप नव्हती. ती चीर होती. तिच्या वाट्याचा स्क्रू पिळायला सगळे तयार होते, रबराला हात लावायला कोणी गेले नव्हते.

दुसरा प्रसंग थोरल्या भाऊजींचा. गुळाच्या अडतीवर सारा दिवस हिशेब पाहणारा हा माणूस. त्या रात्री त्यांनी आईला दर दोन तासांनी वळवले, अंथरूण बदलले, पहाटे तोंड पुसले. सकाळी ते कोणाशी एक शब्द बोलले नाहीत. अंघोळ करून बाहेर गेले आणि अकरा वाजता हवा भरायची गादी घेऊन परत आले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मिळते ती. सहा महिने जाऊबाई ती मागत होत्या, हे मला मागाहून कळले.

आणखी एक गोष्ट परड्यात शिकले होते. या गाडीच्या चार कार्ब्युरेटरांना जुळवण्याचे स्क्रू तीनच आहेत. दुसऱ्या क्रमांकाला स्क्रू नाही. तो पायाचा, त्याला हलवता येत नाही, म्हणून बाकीच्या तिघांनी आपापला काटा त्याच्या काट्याशी आणून लावायचा. आमच्या घरात स्क्रू नसलेला आपणच, असे प्रत्येकाला वाटत होते. यांची शिफ्ट बदलत नाही, माझी शाळा बदलत नाही, अडत बदलत नाही, बँक बदलत नाही. पण खरोखर हलू न शकणारे माणूस घरात एकच होते, आणि त्याला आम्ही ओझे म्हणून मोजत होतो, माप म्हणून नव्हे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी आत्याबाईंच्या वेळा लिहिल्या: सहा, दोन, दहा, आणि मधले दर दोन तास. त्या वेळांना धरून मग ज्याने त्याने आपले नाव घातले. थोरल्या जाऊबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना उचलण्याचे काम दिले नाही. धाकटीला तीन महिने रात्र दिली नाही. रात्रीच्या दोन वेळा पुरुषांकडे गेल्या.

हे वाटे सारखे आहेत का? नाहीत. भाऊजींचे चार काटे तरी कुठे एका रेषेत होते? पुस्तकालाही थोडाफार फरक मान्य असतो. काट्यांची थरथरही कधी पुरती थांबत नाही; काटा अगदी स्तब्ध झाला तर समजावे की इंजिन बंद आहे. शिवाय एकदा जुळवले म्हणून कायमचे जुळत नाही. काही हजार किलोमीटर गेले की पुन्हा नळ्या लावायच्या, पुन्हा वाचायचे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-सहाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. पेट्रोल किती सोडायचे ते आता संगणक ठरवतो. पण भाऊजी सांगतात की, ज्या इंजिनांना सिलिंडरागणिक वेगळी पाकळी आहे, तिथे पाकळ्या जुळवण्याचे काम अजूनही उरतेच. हे ऐकून मला उगीचच बरे वाटले.

सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी गाडीचे मालक आले आणि गाडी घेऊन गेले. आत्याबाईंची खाट खिडकीशी आहे. आमचे सासरेही मेस्त्रीच होते, त्यामुळे इंजिनाच्या आवाजात आत्याबाईंचा जन्म गेलेला. फाटकाशी गाडी मंद चालीत उभी होती तेव्हा त्यांचा डावा हात पांघरुणावर हळूहळू ताल धरत होता. माझ्याकडे पाहून त्यांनी मान किंचित हलवली. ती पसंती गाडीला होती की आणखी कशाला, हे विचारण्याची सोय नव्हती.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या घरात चूल एक असेल की चार, हे आज मला सांगता येणार नाही. थोरल्या भाऊजींनी आपला शब्द मागे घेतलेला नाही; पुन्हा काढलेलाही नाही. चुली वेगळ्या झाल्या तरी कॅलेंडरच्या पाठीवरचा कागद चौघांनाही लागणार आहे, एवढे सर्वांना कळले आहे.

आणि तुमच्या घरचे म्हणाल, तर दिवाळीच्या चार दिवसांत काही तपासू नका. चकल्यांचा सोऱ्या फिरतो आहे, पाटावर रांगोळी आहे, पहाटे अभ्यंगाला पाणी तापते आहे. सगळ्यांच्याच पाकळ्या सताड उघड्या असतात आणि सगळीच घरे सुरेख चालतात. तुळशीचे लग्न लागू द्या, पाहुण्यांना एस.टी.त बसवून या, फराळाचे डबे घासून पालथे पडू द्या. मग एखाद्या रिकाम्या दुपारी, घर अगदी मंद चालीत असताना, दाराशी उभे राहून जरा कान द्या. गचका ऐकू आला तर स्क्रूकडे हात नेऊ नका. कोणाच्या पानात कमी पडते आहे, ते आधी पाहा.